गोदामातली नवी माणसं शिकत नाहीत? शिकवताना होणाऱ्या या चुका टाळा

देवास नाक्यापासून पीथमपूरपर्यंत इंदूरच्या आसपास गोदामं वाढली, रॅक उंच झाले, हातात वहीऐवजी स्कॅनर आला. नव्या माणसाला शिकवायची रीत मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली. पहिल्या सकाळी केबिनमध्ये बसवून स्लाइड दाखवायच्या, कागदावर सही घ्यायची आणि दुपारी ‘जा, त्या भैयाबरोबर राहा’ म्हणून जुन्या पिकरच्या, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढणाऱ्याच्या, मागे सोडून द्यायचं. पुढे चुकीचा माल गेल्याच्या तक्रारी येऊ लागल्या की सुपरवायझरचं वाक्य ठरलेलं: ‘पोरांचं लक्षच नसतं.’ असं खरोखर क्वचितच असतं. बहुतेक वेळा शिकवण्यात काहीतरी राहून गेलेलं असतं, आणि काय राहिलं ते चुकीच्या प्रकारावरून बरंचसं ओळखता येतं.

चूक तपासण्याआधीच ‘पुन्हा ट्रेनिंग द्या’ म्हणणं

आठवड्याभरातल्या चुकीच्या पिकिंगची यादी काढा आणि प्रत्येक चुकीपुढे तीनच गोष्टी लिहा: माणूस, बिन (रॅकमधला माल ठेवायचा कप्पा), वेळ. एकच माणूस वेगवेगळ्या बिनवर चुकत असेल तर त्याला शिकवायला हवं. वेगवेगळी माणसं एकाच बिनवर चुकत असतील तर दोष त्या बिनचा आहे. औषधांच्या गोदामात हे हमखास दिसतं. एकाच कंपनीची २५० आणि ५०० मिलिग्रॅमची खोकी, रंग सारखा, अक्षरं सारखी, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेली. इथे दहा वेळा ट्रेनिंग दिलं तरी चूक होणारच. त्यातलं एक उचलून दुसऱ्या रांगेत ठेवलं की बरंचसं काम होतं. चुका शिफ्टच्या शेवटच्या तासात जमत असतील तर थकवा आणि गाडी सुटायची घाई बघा. ही यादी मॅनेजर लोकांना फारशी आवडत नाही, कारण निम्मं काम त्यांच्याच गळ्यात येतं.

केबिनमध्ये शिकवणं आणि ‘समजलं का?’ विचारणं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यातली काम शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत आजही गोदामात जशीच्या तशी चालते. आधी माणसाची भीड घालवा आणि त्याला काय येतं ते विचारून घ्या. मग काम करून दाखवा, प्रत्येक टप्प्याला त्यातली मेख आणि कारण सांगत. मग त्याला करायला लावा, आणि करता करता तो काय करतोय, का करतोय हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण सुरुवातीला वरचेवर फेरी मारा आणि हळूहळू फेऱ्या कमी करा. हे सगळं रॅकसमोर उभं राहून, खऱ्या खोक्यांवर.

‘समजलं का?’ या प्रश्नाला इंदूरमध्ये एकच उत्तर मिळतं, ‘हाँ सर, समझ गया।’ त्याऐवजी हातात खोकं द्या आणि विचारा, ‘हे कुठे ठेवशील? आणि तिथे जागा नसेल तर?’ सूचनांचे कागद इंग्रजीत असतील तर ते फक्त ऑडिटसाठी आहेत असं समजा. फ्लोअरवर हिंदी, माळवी आणि निमाडी चालते, झाबुआ-अलिराजपूरकडच्या मुलांची घरची बोली भिली असते. आपण मराठी मंडळी ऑफिसात आपसात जे ठरवतो ते तिथपर्यंत त्यांना कळेल अशा बोलीत पोहोचतं का, हे एकदा स्वतः उभं राहून ऐका.

फक्त सुरळीत काम शिकवणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ट्रेनिंगमध्ये लेबल नेहमी स्कॅन होतं, बिनमध्ये माल नेहमी पूर्ण असतो, खोकं कधी फाटत नाही. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी लेबल चुरगळलेलं निघतं. नवा मुलगा आजूबाजूला बघतो आणि शेजारचा सीनियर त्याला ‘कोड हाताने टाक’ असं शिकवतो. त्या क्षणापासून स्कॅनरचा उपयोग संपला. चुकीच्या खोक्यालाही सिस्टीम ‘बरोबर’ म्हणणार, कारण कोड बरोबर आहे आणि खोकं वेगळं.

म्हणून पहिल्या आठवड्यात मुद्दाम बिघाड घडवून शिकवा. फाटलेलं लेबल लावा, दहाऐवजी आठच नग ठेवा, एक ओलं खोकं मध्ये घाला, दुसऱ्या बॅचचं एक मिसळा. प्रत्येक वेळी काय करायचं ते एका वाक्यात ठरलेलं असू द्या. लेबल वाचता येत नसेल तर माल बाजूला आणि सुपरवायझरला हाक. नग कमी असतील तर शेजारच्या बिनमधून भरपाई करायची नाही, शॉर्ट टाकायचं, म्हणजे नग कमी असल्याची नोंद करायची. शॉर्ट टाकल्याबद्दल ओरडा बसला तर पुढच्या वेळी तो मुलगा गुपचूप कुठून तरी नग आणून आकडा जुळवेल, आणि स्टॉकमोजणीच्या दिवशी दोन ठिकाणी फरक निघेल.

पुटअवे (माल रॅकवर लावणं) आणि पिकिंग वेगळ्या लोकांना वेगळं शिकवणं

ज्या मालाची मुदत आधी संपते तो आधी बाहेर गेला पाहिजे, हे औषधं आणि नमकीनच्या गोदामात सगळ्यांना पाठ असतं. तरी जुना माल मागे पडून राहतो. दोष पिकरवर येतो, पण गडबड आदल्या दिवशीच झालेली असते: माल लावणाऱ्याने नवी खोकी पुढे लावली आणि जुनी मागे ढकलली. पिकर समोरचं उचलतो, तोही काय करणार? माल लावणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस पिकिंगला उभं करा. आपण लावलेलं खोकं दुसऱ्याला कसं सापडतं, हे त्याशिवाय कळत नाही.

फोर्कलिफ्ट रिकामी चालवून पास करणं

रिकाम्या फोर्कलिफ्टवर वळणं घेता आली म्हणजे ड्रायव्हर तयार झाला असं नाही. प्लेटवर लिहिलेली क्षमता ठरावीक लोड सेंटरला, म्हणजे फोर्कच्या उभ्या पाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंतच्या अंतराला असते, बऱ्याच मशीनवर ५०० मिलिमीटरला. लांब खोकं घेतलं की वजनाचा मध्य पुढे सरकतो आणि तेवढंच वजन मशीनला जड जातं. हे सांगून पटत नाही, प्लेटवरचा तक्ता वाचायला लावून आणि भरलेल्या पॅलेटवर सराव देऊनच पटतं. फोर्क जमिनीलगत ठेवून चालणं, माल वर उचललेला असताना न वळणं, भरलेली गाडी उतारावरून रिव्हर्समध्ये खाली आणणं, म्हणजे माल चढाच्या बाजूला राहतो, याचाही असाच सराव द्या. आणि मशीन कलंडायला लागली तर उडी मारायची नाही, हे वेगळं बजावा. पट्टा लावून आतच बसायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पडण्याच्या उलट दिशेला झुकायचं. उडी मारणारा मशीनखालीच सापडतो.

सर्वांत वेगवान माणसाला गुरू करणं

वेगवान पिकरचा वेग बऱ्याचदा त्याच्या पळवाटांत असतो, आणि नवा मुलगा आधी त्याच उचलतो. शिवाय नगांवर इन्सेंटिव्ह असेल तर शिकवणाऱ्याचं नुकसान होतं. मग तो ‘बघत राहा’ एवढंच म्हणणार. ज्याच्या चुका सर्वांत कमी त्याला निवडा, आणि शिकवण्याच्या दिवसांत त्याचं टार्गेट उतरवा. एवढा खर्च मालकाने सोसायलाच हवा.

पंचांग न बघता तारखा ठरवणं

होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासी भागातला भगोरिया मेळा असतो, झाबुआ-अलिराजपूरची मुलं गावी जातातच. पुढे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक असते, त्या दिवशी राजवाड्याकडे न जाणारा इंदूरी सापडणं कठीण. या पंधरवड्यात नवी बॅच सुरू केली तर अर्धं शिकलेलं विसरून मुलं परत येतात. दिवाळीच्या हंगामी मुलांना ऐन गर्दीत घेऊन सगळं शिकवण्यापेक्षा लवकर घ्या आणि एकेकाला एकच काम द्या, पॅकिंग किंवा लेबलिंग. मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी कोणाच्याच डोक्यात काही शिरत नाही, वर्ग सकाळीच घ्या.

सह्यांच्या फाइलऐवजी भिंतीवर एक तक्ता लावा: उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत इनवर्ड (आलेला माल उतरवून घेणं), पुटअवे, पिकिंग, पॅकिंग, फोर्कलिफ्ट. खूण तेव्हाच करायची जेव्हा त्या माणसाने ते काम देखरेखीशिवाय बिनचूक करून दाखवलं असेल. भगोरियाच्या आठवड्यात इनवर्डला कोण उभं राहील, हे त्या तक्त्यावर महिनाभर आधीच दिसतं.