दुर्मिळ डायनासोर खेळणी शोधायची तर आधी डोळा तयार करा

सुरुवातीलाच सांगतो, महाग आणि दुर्मिळ यात लोक फार गोंधळ करतात. कुठल्यातरी मोठ्या कंपनीने दोन-चार वर्षांपूर्वी बंद केलेला टी-रेक्स तिप्पट भावात विकला जातो म्हणून तो दुर्मिळ होत नाही, तो कुठे ना कुठे विकायला असतोच, पैसे टाकले की तुमचा. खरा दुर्मिळ पीस म्हणजे पैसे खिशात घेऊन बसलात तरी महिनोन्महिने दर्शन देत नाही, आणि देतो तेव्हा "जुने रबरी प्राणी, मिक्स लॉट" (म्हणजे एकत्र विकायचा ढीग) असल्या नावाखाली, अंधुक फोटोत, दोन प्लास्टिकच्या गाई आणि एका तुटक्या झेब्र्याच्या मागे उभा असतो. विकणाऱ्याला त्याचं नाव माहीत असतं तर तो आपल्या हाती लागण्याआधीच कोणीतरी उचलला असता. म्हणजे काय शोधायचं, तर विकणाऱ्याला जे माहीत नाही ते.

त्यासाठी आधी हे समजून घ्या की खेळणं दुर्मिळ होतं कसं. कमी बनवलं हे एकच कारण नसतं. कित्येक पीस लाखांनी बनले असतील पण ते सीरियलच्या पाकिटात किंवा चॉकलेटमध्ये फुकट मिळायचे, आणि फुकटची वस्तू कोण जपून ठेवतं, गेली कचऱ्यात. काही फक्त एखाद्या म्युझियमच्या दुकानात किंवा प्रदर्शनात विकले गेले. काही एकाच देशात राहिले. काही मॉडेलं कंपनीची ती लाइन, म्हणजे मालिका, बंद व्हायच्या तोंडावर आली म्हणून थोडीच निघाली. आणि काहींचं मटेरियलच असं की शेपटी, सुळे, शिंगं टिकलीच नाहीत, त्यामुळे खेळणं सापडतं पण अख्खं सापडत नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण हाँगकाँगच्या स्वस्त पाकिटांचं. एके काळी अमेरिकेत किरकोळ वस्तूंच्या दुकानांत "प्रागैतिहासिक प्राणी" लिहिलेली प्लास्टिकची पाकिटं मिळायची आणि आतले प्राणी मात्र कुठल्याही जीवाश्मात न सापडणारे, निव्वळ कल्पनेतले. त्यातलेच काही गॅरी गायगॅक्स या गेम बनवणाऱ्याने आपल्या टेबलावरच्या खेळात राक्षस म्हणून वापरले आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स या त्याच्या खेळातले रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि बुलेट हे तिघे राक्षस तिथून आले. आता त्या पाकिटातले पीस डायनासोरवाले शोधतात, गेमवाले शोधतात आणि जपानी राक्षसांची खेळणी जमवणारेही शोधतात, म्हणजे एका वस्तूमागे तीन टोळ्या. पण घरातला माळा साफ करणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत नसतं, तो "विचित्र डायनासोर" लिहून मोकळा होतो. म्हणून याची आकृती पाठच पाहिजे. एक पीस पाठीवर घुमटासारखं कवच असलेला आणि बुटका, एक चार पायांचा किड्यासारखा, डोक्यावर दोन मिशा आणि शेपटीच्या टोकाला पंख्यासारखं काहीतरी, आणि एक दोन पायांवर उभा, चोचवाला. अंगठ्याएवढ्या फोटोतसुद्धा ही बाह्यरेषा ओळखता आली की तुम्ही बाकीच्यांच्या पुढे.

बाकी मोठ्या नावांची थोडी ओळख करून घ्या, सगळी एकदम नको, एक-दोन लाइन पकडा आणि त्यातच खोल जा. अमेरिकेच्या मार्क्स कंपनीचे डायनासोर १९५५ पासूनचे, त्यांच्या पोझ बघितल्या की येल विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियममधलं रुडॉल्फ झालिंगरचं १९४७ मध्ये पूर्ण झालेलं भित्तिचित्र आठवतं. यांचा पहिला टी-रेक्स ढेरपोट्या म्हणूनच कलेक्टर लोकांत प्रसिद्ध आहे, नंतरचा सडपातळ. ब्रिटनच्या इन्व्हिक्टाने (मास्टरमाइंड हा बोर्डगेम बनवणारी हीच कंपनी) १९७४ पासून ब्रिटिश म्युझियम नॅचरल हिस्टरीसाठी एकरंगी मॉडेलं काढली, पुढे रंगवलेलीही आली. फ्रान्सच्या स्टारलक्सचे पीस छोटे, कडक प्लास्टिकचे, हाताने रंगवलेले, आणि त्यांची मजा म्हणजे डायनासोरपेक्षा युइंटाथेरियमसारखे क्वचितच कोणी बनवलेले सस्तन प्राणी. सफारी कंपनीची कार्नेगी कलेक्शन १९८८ ते २०१५ चालली, शिल्पकार फॉरेस्ट रॉजर्स, स्केल १:४०. बॅटॅटची १९९० च्या दशकातली लाइन बॉस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्ससाठी होती, डॅन लोरुसो आणि ग्रेग वेन्झेल यांनी घडवलेली, आणि त्यातली काही मॉडेलं पुढे टेरा नावाने वेगळ्या रंगात परत आली. जपानच्या कायोडोची २००१ पासूनची चोकोलासॉर सिरीज चॉकलेटबरोबर मिळायची, शिनोबू मात्सुमुराचं काम, इतक्या छोट्या आकारात इतकं बारीक काम की आजही बघत राहावंसं वाटतं. ऑस्ट्रेलियात यौई चॉकलेटमध्ये लॉस्ट किंगडम्स नावाने तिथल्याच नामशेष प्राण्यांची सिरीज आली होती. आणि १९६४-६५ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमध्ये सिंक्लेअर ऑइलच्या डायनोलँडमध्ये मशीनमधून समोरच्या समोर गरम गरम डायनासोर ओतून मिळायचे, पातळ पोकळ प्लास्टिकचे, त्यामुळे चेपलेले चिक्कार, धड असलेले कमी.

आता शोध. ब्रँडचं नाव टाकून सर्च करायचा तो भाव कळायला, खरेदीसाठी नाही, कारण ब्रँड लिहिणाऱ्याला भावही माहीत असतो. खरेदीसाठी अनाडी माणूस जसं लिहील तसं सर्च करा. जुने डायनासोर, रबरी ड्रॅगन, प्लास्टिक राक्षस, झू प्राणी लॉट, मुलांच्या जुन्या खेळण्यांचा खोका. स्पेलिंग मुद्दाम चुकवून बघा, डायनासोरचं स्पेलिंग लोक इतक्या प्रकारे चुकवतात की सांगायची सोय नाही. प्राण्याचं नाव चुकीचं टाकून बघा, म्हणजे मॅक्राउखेनियाला उंट, मेगाथेरियमला अस्वल, ग्लिप्टोडॉनला कासव, डिप्लोकॉलसला सरडा. प्रागैतिहासिक सस्तन प्राणी हवे असतील तर डायनासोर कॅटेगरी सोडाच, ते शेतातल्या आणि जंगलातल्या प्राण्यांच्या लॉटमध्येच पडलेले असतात.

दुसरं म्हणजे वस्तू जिथे जन्मली त्या देशाच्या ऑनलाइन बाजारात जा. स्टारलक्ससाठी फ्रान्सचं लबोंक्वां, बुलीलँड आणि श्लाइश या जर्मन कंपन्यांच्या जुन्या खेळण्यांसाठी जर्मनीचं क्लाइनआन्त्साइगन, कायोडोसाठी याहू जपान ऑक्शन्स नाहीतर मंदाराके. सर्चचे शब्द त्याच भाषेत आणि त्याच लिपीत कॉपी-पेस्ट करा, इंग्रजीत टाकलं तर बाहेरच्यांसाठी सजवलेल्या महाग लिस्टिंग्जच वर येतात. जपानमधून घ्यायचं तर बायी किंवा झेनमार्केटसारखी प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने खरेदी करणारी मध्यस्थ कंपनी, लागते, तिची फी, देशांतर्गत पोस्टेज, मग बाहेरचं शिपिंग आणि वर कस्टम्स, हे सगळं बोली लावायच्या आधी जोडा, नंतर जोडलं तर झोप उडते. एक-एक पीस मागवण्यापेक्षा प्रॉक्सीच्या गोदामात साठवून एकदम मागवलेलं परवडतं, मात्र फुकट साठवायची मुदत बघून घ्या.

सेव्ह केलेले सर्च आणि नोटिफिकेशन लावून ठेवा हे काय वेगळं सांगायला नको.

लिस्टिंग सापडली की फोटो मोठा करून पोट बघा, अक्षरशः पोट. बहुतेक खेळण्यांचा इतिहास पोटाखाली किंवा पायाच्या तळव्यावर छापलेला असतो आणि तोच फोटो सेलर टाकत नाही, तेव्हा मागून घ्या. तिथलं लिखाण नीट वाचता यायला हवं. वेस्ट जर्मनी लिहिलं असेल तर माल १९९० च्या एकीकरणाआधीचा किंवा निदान साचा तरी तेव्हाचा. इन्व्हिक्टाच्या पोटावर ब्रिटिश म्युझियम नॅचरल हिस्टरी असं जुनं नाव असतं, ते म्युझियमने १९९२ मध्ये अधिकृतपणे बदललं. पण एक लक्षात ठेवा, पोटावरचं साल हे साच्याचं किंवा कॉपीराइटचं असतं, तुमच्या हातातला पीस त्या सालीच बनला असं नाही, त्याच साच्यातून पुढे कितीही वर्षं माल निघू शकतो. "१९७४ चा ओरिजिनल" असं ओरडणाऱ्या निम्म्या लिस्टिंग्ज इथेच फसलेल्या असतात नाहीतर फसवत असतात.

याची उलटी युक्ती मला जास्त आवडते. प्राण्याला शास्त्रीय नाव कधी मिळालं ते बघा. मुत्ताबुरासॉरसचं नामकरण १९८१ मधलं, बॅरिओनिक्सचं १९८६ मधलं, मग बॅरिओनिक्सचं मॉडेल कोणी सत्तरच्या दशकातलं म्हणून विकत असेल तर विषय संपला, पुढे बोलायचीही गरज नाही. शेपटी जमिनीवर घासत ताठ उभे असलेले डायनासोर साधारणपणे जुन्या कल्पनेचे आणि शेपटी हवेत धरून आडवे पळणारे नंतरचे, हाही अंदाज कामाला येतो, पण स्वस्त खेळण्यांच्या कंपन्या जुन्याच पोझ चालवत राहिल्या म्हणून यावर एकट्यावर विसंबू नका.

खोट्या मालाबद्दल बोलायचं तर सरळ नकली पीसपेक्षा रीइश्यू जास्त त्रास देतो. मार्क्सच्या साच्यांमधून मूळ कंपनीच्या नंतरही माल निघाला, साचा अस्सल, माल नवा, म्हणजे आकार बघून काही कळत नाही. मग प्लास्टिकची चमक, कडकपणा आणि रंग यावर जायचं, आणि हे फोटोवरून शिकता येत नाही, म्हणून सुरुवातीला खात्रीचा एक साधा, स्वस्त, अस्सल पीस विकत घेऊन हाताशी ठेवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. दुसरा प्रकार म्हणजे साच्यावरून साचा काढलेली कॉपी. ती मूळ पीसपेक्षा किंचित लहान भरते, खवले आणि अक्षरं बोथट होतात. सेलरला पट्टीशेजारी ठेवून फोटो मागा, नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी तुमच्याकडच्या पीसशी जुळवा, दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसला तरी प्रश्न विचारा. तिसरा प्रकार रीपेंट. जुना घासलेला रंग आणि नवा हात यातला फरक दात, डोळे आणि नखं यांच्या कडांवर दिसतो, आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर नंतर लावलेला रंग किंवा गोंद पुष्कळदा वेगळा चमकतो. पुष्कळदा म्हणतोय, नेहमी नाही.

सेलरशी बोलताना फार उत्साह दाखवू नका, पण खोटंही बोलू नका. "हे काहीच नाहीये, भंगार आहे" असं म्हणून भाव पाडणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. लिहिलेल्या किमतीत शांतपणे घ्या, आणि नंतर सहज विचारा की त्याच खोक्यात अजून काही होतं का, डबा, कागद, माहितीपत्रक. हा प्रश्न विचारायला विसरूच नका, कारण चॉकलेटबरोबरच्या सिरीजचे छोटे कागद आणि प्लेसेटचे (एका डब्यात मिळणाऱ्या पूर्ण खेळसंचाचे) पुठ्ठ्याचे डबे खेळण्यांपेक्षा जास्त फेकले गेलेत, आणि एका घरात एक पीस निघाला की त्याची भावंडं बऱ्याचदा तिथेच असतात. पॅकिंग कसं करायचं तेही तुम्हीच सांगा. स्टारलक्ससारखं कडक प्लास्टिक एकमेकांवर आपटलं की शेपटी गेलीच, म्हणून प्रत्येक पीस वेगळा गुंडाळायला सांगा आणि डबा हलवल्यावर आत काही हलता कामा नये असं स्पष्ट लिहा.

घरी आल्यावर घाई करू नका. आधी फोटो काढा, मग कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, बास. ॲसिटोन, थिनर, स्पिरिट काही लावायचं नाही, रंग तर जाईलच वर प्लास्टिकही पांढरं पडेल. वाकलेला पीस मऊ पीव्हीसीचा असेल तर गरम पाण्यात धरून नरम होऊ द्या, हळूच सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवा, पण हा उपाय कडक ठिसूळ प्लास्टिकवर करायचा नाही आणि जुन्या मातीच्या किंवा धातूच्या पीसवर तर नाहीच. एसआरजी नावाच्या कंपनीचे जुने धातूचे डायनासोर चकचकीत पॉलिश करणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार, त्यावरचा जुना रंगच तर त्याची किंमत असते. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

ठेवताना पीव्हीसीचे पीस दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकला चिकटून ठेवू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, पीस चिकट होतो आणि शेजारचं पॉलिस्टायरीन त्याने विरघळतं, डायनासोरच्या पायाचे ठसे शेल्फमध्ये कोरले जातात. मध्ये कागद ठेवा, ऊन टाळा, हवाबंद पिशवीत कोंडू नका. आणि प्रत्येक पीसचा पोटाचा फोटो, लांबी, कुठून आला, किती पडले, सोबत काय कागद होता हे एका फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एखाद्या लॉटच्या फोटोत ओळखीची शेपटी दिसली की तुमच्याकडे आहे तोच रंग आहे की वेगळा, हे बोली संपायच्या आत बघता येईल.