पिनबॉलमध्ये बल्बच्या जागी एलईडी लावताय? या चुका टाळा

जुन्या पिनबॉल मशीनमधले, म्हणजे काचेखाली पोलादी बॉल फटकावायच्या त्या खेळातले, बल्ब काढून एलईडी लावावेत का, असं कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा हो म्हणतो. वीजबिल हे त्याचं फार छोटं कारण आहे. खरी अडचण उष्णतेची आहे. ४४ नंबरचा बल्ब ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर ओढतो. असे ४० बल्ब लागले की झाले दहा अँपिअर, म्हणजे साधारण ६३ वॅटची शेगडी बंद पेटीत पेटलेली. तिच्या समोर बॅकग्लास, म्हणजे मशीनच्या उभ्या पेटीची चित्राची काच, आणि त्या काचेवरचं चित्र आतल्या बाजूने छापलेलं. मशीन तापतं, निवतं, परत तापतं. रंग काचेवरून सुटायला लागतो आणि पापुद्रे गळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, आणि वर पत्र्याचं छत असेल तर त्या चित्राचे हाल विचारू नका. एकदा गेलेलं चित्र परत येत नाही. त्याच दहा अँपिअरने बोर्डावरचे कनेक्टरही काळे पडतात, पिना जळतात. ४० एलईडी मिळून एखादा अँपिअर घेतात. म्हणून हो.

पण "जुना काढा, नवा लावा" एवढं हे सोपं नाही. त्या मशीनचं सर्किट आखणाऱ्याने समोर तारेचा बल्ब आहे असं धरूनच ते आखलं होतं. बल्ब किती करंट ओढतो, तार किती हळू तापते आणि किती हळू निवते, हे सगळं त्यात गृहीत आहे. एलईडी यातलं काहीच पाळत नाही. पुढच्या जवळपास सगळ्या तक्रारी इथूनच उगवतात.

साईज बसली म्हणून व्होल्टेज बसत नाही

आपल्या भागात ही चूक सर्वांत जास्त दिसते, कारण पिनबॉलचे एलईडी नांदेड-लातूरला दुकानात मिळत नाहीत, मागवावे लागतात. मग माणूस ऑटो स्पेअर्सच्या दुकानात जातो. तिथे मोटारीच्या पार्किंग लाईटचा पाचरीसारख्या बुडाचा छोटा एलईडी मिळतो. त्याचं बूड पिनबॉलच्या ५५५ नंबरच्या बल्बसारखंच असतं. पिळून बसवायचा, बाजूला दोन खुंट्या असलेला छोटा बल्बही मिळतो, तो ४४ आणि ४७ नंबरच्या होल्डरमध्ये चपखल बसतो. दुकानदार म्हणतो, "दादा, साईज एकच आहे, बिनधास्त लावा." साईज एकच आहे, हे खरंच आहे. पण तो माल १२ व्होल्टचा. त्यात बहुधा तीन पांढऱ्या चिप सिरीजमध्ये असतात आणि प्रत्येकीला तीनेक व्होल्ट लागतात. ६.३ व्होल्ट एसीचं शिखर जेमतेम ९ पर्यंत जातं. एलईडी पेटतच नाही, नाहीतर मिणमिणतो, आणि घरी सगळे होल्डरला दोष देत बसतात.

उलटंही होतं. फ्लॅशरच्या, म्हणजे क्षणभर जोरात चमकणाऱ्या दिव्याच्या जागी, ८९ किंवा ९०६ नंबरचा बल्ब असतो तिथे, १३ व्होल्टचा माल लागतो. तिथे ६.३ चा एलईडी लावला तर तो जळणारच. म्हणून काढलेल्या बल्बच्या धातूवरचा नंबर आधी वाचा. नंबर पुसला असेल तर होल्डरवर मल्टीमीटर लावा, एसी आणि डीसी दोन्हींवर बघा. खेळाप्रमाणे लागणाऱ्या-विझणाऱ्या दिव्यांवर मात्र मीटरचा आकडा फसवतो. का, ते पुढे येतंच.

"काहून लुकलुकतंय हे?"

जालन्याच्या एका गिऱ्हाइकाचा हा प्रश्न. तो चांगलाच आहे, फक्त त्याचं उत्तर एक नाही. कोणता दिवा लुकलुकतोय, ते आधी बघावं लागतं.

जे दिवे कायम चालू असतात त्यांना बहुतेक जुन्या मशीनमध्ये सरळ ट्रान्सफॉर्मरमधून ६.३ व्होल्ट एसी येतो. साधा स्वस्त एलईडी एकाच दिशेने करंट घेतो. आपली लाईन ५० हर्ट्झची, म्हणजे तो सेकंदाला ५० वेळा पेटतो आणि ५० वेळा विझतो. नुसतं बघताना हे कदाचित जाणवणार नाही. पण बॉल जोरात पळाला की बघा, चकचकीत पोलाद सलग रेघेऐवजी ठिपक्या-ठिपक्यांनी पुढे सरकताना दिसतं. अर्धा तास खेळलं की डोकं धरतं. अशा जागी आत ब्रिज, म्हणजे दोन्ही दिशांचा करंट वापरू देणारी डायोडची जोडणी, असलेला एलईडीच घ्या. तो सेकंदाला १०० वेळा पेटतो, आणि सोबत छोटा कपॅसिटर असेल तर आणखी शांत वाटतो. खुंटीवाल्या एलईडीत ब्रिजचा दुसराही फायदा आहे. डीसी लाईनवर पाचरवाला उलटा लागला तर काढून फिरवून लावता येतो, खुंटीवाल्याला ती सोय नाही.

खेळाचे दिवे वेगळे. १९९० च्या दशकातल्या विल्यम्स-बॅली कंपनीच्या मशीनमध्ये ६४ दिव्यांची जाळी असते, आठ रांगा आणि आठ कॉलम. कॉम्प्युटर एका वेळी एकाच कॉलमला वीज देतो, सुमारे दोन मिलिसेकंद, मग पुढचा कॉलम. प्रत्येक दिव्याला वेळेचा फक्त आठवा हिस्सा मिळतो, म्हणून त्या लाईनवर १८ व्होल्ट ठेवलेले असतात. १८ ला ८ च्या वर्गमुळाने भागून बघा, साधारण ६.३ येतं. तारेला तेवढीच ऊब मिळते आणि बल्ब सलग पेटलेला दिसतो. ही आखणी मला अजूनही फार देखणी वाटते. एका कॉलमकडून दुसऱ्याकडे जाताना क्षणभर थोडी वीज भलत्याच दिव्यात झिरपते. तारेचा बल्ब तेवढ्याने तापत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. एलईडी मात्र लगेच पेटतो आणि बंद असायला हवा तो दिवा अंधुक दिसत राहतो. याला घोस्टिंग म्हणतात. त्यात बोर्ड खराब झालेला नसतो, तेव्हा बोर्ड बदलायला निघू नका. घोस्टिंग न होणारे एलईडी मिळतात, ते घ्या. होल्डरवरच्या डायोडलाही, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या त्या छोट्या भागाला, हात लावू नका. तो काढून तार थेट जोडली तर एका दिव्याची वीज दुसऱ्या दिव्यातून फिरून येते.

१९७७ पासूनच्या सुरुवातीच्या बॅली आणि स्टर्नच्या इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये तिसराच प्रकार आहे. तिथे प्रत्येक दिव्यामागे एससीआर, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच, असतो. एससीआर एकदा चालू झाला तरी चालू राहायला त्यातून किमान काही करंट वाहता लागतो. बल्ब तो सहज ओढतो, एलईडीला जमत नाही. मग एससीआर मध्येच सुटतो आणि दिवा पिसाटासारखा फडफडतो. कितीही महाग एलईडी आणला तरी नुसत्या त्याने हे थांबेलच असं नाही. होल्डरवर एलईडीला समांतर ४७० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर सोल्डर करा. थोडा वाढीव करंट वाहतो आणि एससीआर टिकतो. प्रत्येक होल्डरवर हे करायला एक अख्खा रविवार जातो. ज्यांना ते नको त्यांनी त्या दिव्यांत ४७ नंबरचे बल्ब राहू द्यावेत. ते ४४ पेक्षा कमी, ०.१५ अँपिअर घेतात, आणि जुन्या मशीनला ते शोभतातही.

फ्लॅशर कायम अंधुक पेटलेला दिसतोय? १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या विल्यम्सच्या आणि त्याच धाटणीच्या मशीनमध्ये फ्लॅशरची तार कोमट ठेवण्यासाठी एक ३३० ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे थंड तारेत एकदम मोठा करंट घुसत नाही. एलईडीला तेवढा करंट पेटायला पुरतो. त्या फ्लॅशरचे सगळे बल्ब एलईडी केले असतील तर त्या रेझिस्टरचा एक पाय कापून मोकळा ठेवा. पूर्ण काढू नका, उद्या कुणाला परत बल्ब लावावेसे वाटले तर जोडता येईल.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. निळसर पांढरा एलईडी जुन्या मशीनमध्ये लावू नका. त्या चित्रकाराने रंग निवडले ते पिवळ्या उजेडात बघून. निळसर उजेडात माणसांचे चेहरे आजारी दिसतात, नारिंगी रंग मातकट होतो. कायम चालणारे दिवे वॉर्म व्हाईट, २७०० ते ३००० केल्विनचे घ्या. खेळाच्या पाटीत बसवलेल्या रंगीत प्लास्टिकच्या खिडकीला इन्सर्ट म्हणतात; लाल इन्सर्टखाली लाल, हिरव्याखाली हिरवा लावा, पांढरा लावला की इन्सर्ट फिका पडतो. खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उघडा दिसणारा दिवा दुधी टोपीचाच हवा. आणि बॅकग्लासमागे सगळ्यांत कमी उजेडाचा माल लावा, नाहीतर चित्रावर पांढरे डाग उठतात.

होल्डरची धूळ एलईडीने जात नाही

आपल्याकडची धूळ आणि पावसाळी ओल मिळून होल्डरवर हिरवट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने आतली भिंत आणि मधला ठिपका घासा, ढिली स्प्रिंग ताणा. बॅकग्लासचा रंग सुटत असेल तर मागून ओलं फडकं अजिबात फिरवू नका, सुटलेला रंग फडक्याला लागून येतो.

हे सगळं मशीन बंद करून, प्लग काढून करायचं. चालू मशीनमध्ये हातातून निसटलेला बल्ब दिव्याच्या पट्टीवर आणि बॉल उडवणाऱ्या कॉइलच्या टोकावर एकदम टेकला तर कॉइलचे ५० व्होल्ट दिव्यांच्या ट्रान्झिस्टरमध्ये शिरतात, आणि मग खर्च बल्बचा राहत नाही. जुन्या बॅलीत तर आकड्यांच्या डिस्प्लेला १७० ते १९० व्होल्ट असतात. लोड उतरला की ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज थोडं चढतं, म्हणून काम झाल्यावर ६.३ ची लाईन परत मोजा. गावाकडे रात्री उशिरा व्होल्टेज वाढतं, तेव्हाही एकदा मोजा. काढलेले चांगले बल्ब फेकू नका, डबीत जपून ठेवा. दिवा पेटत नसेल तेव्हा दोष एलईडीत आहे की लाईनमध्ये, हे बल्ब लावूनच सर्वांत लवकर कळतं.

व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटमध्ये कॉइन डोअरचे, म्हणजे नाणं टाकायच्या दाराचे, आणि बटणांचे दिवे असतात, तिथेही नंबर आणि व्होल्टेज बघूनच बदला. वरच्या नावाच्या पट्टीमागे ट्यूब असते. तिच्या जागी एलईडी ट्यूब लावताना स्टार्टर काढा, चोक वायरिंगमधून बाजूला करा, आणि नव्या ट्यूबला वीज एका टोकाला द्यायची की दोन्ही, ते तिच्यावर छापलेल्या आकृतीत बघा. अमेरिकेतून आलेलं कॅबिनेट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून १२० व्होल्टवर चालत असेल तर आपल्या बाजारातली २२० ते २४० व्होल्टची ट्यूब आतल्या वायरीवर चालणार नाही. १२० व्होल्ट चालवणारी ट्यूब मागवा, किंवा स्टेप-डाउनच्या आधीच्या २३० मधून तिला वेगळी, फ्यूज लावलेली लाईन द्या. पिक्चर ट्यूबच्या मागे मात्र हात घालू नका. प्लग काढल्यावरही तिथे हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात, ते काम टीव्हीच्या जुन्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.