नंबर मागणाऱ्या सेल्समनसमोर

मिस्टरी शॉपिंगच्या, म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून दुकानाची सेवा गुपचूप तपासायच्या, भेटीला निघण्याआधी मी काम देणाऱ्या एजन्सीचं ब्रीफ, म्हणजे लेखी सूचना, एकाच गोष्टीसाठी परत वाचते: मोबाइल नंबर द्यायचाय का? दुकानातून नंतर फोन येतो की नाही हेच तपासायचं असेल, तर द्यावाच लागतो. त्यासाठी जुन्या हँडसेटमध्ये मी वेगळं प्रीपेड सिम ठेवलंय. तसं लिहिलं नसेल तर नंबर द्यायचा नाही, हे घरीच पक्कं करून निघा. काउंटरसमोर ठरवू म्हणाल, तर नंबर गेलाच म्हणून समजा.

माझा असाच गेला, कोथरूडच्या एका जिममध्ये. मी नीट टेकायच्या आत तिथल्या मुलाने क्लिपबोर्ड पुढे सरकवला आणि टोपण काढून पेन हातात दिलं. नाव, नंबर, जन्मतारीख, ऑफिसचा पत्ता. "मॅडम, नंबरशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही." मी मुकाट्याने लिहिलं. पुढे दोन महिने फोन येत राहिले.

आता मी पेन हातातच घेत नाही. "आधी फी सांगा, पटलं तर मीच नंबर देईन," एवढंच, हसून. परत मागितला तर तेच वाक्य, त्याच शब्दांत. कारणं देऊ नका. "घरी विचारावं लागेल" म्हटलं की "मग मिस्टरांचा द्या" हे तयारच असतं. आणि मनाने दहा आकडे तर कधीच सांगू नका. तो नंबर कुणाचा तरी असतो, शिवाय ओटीपी मागितला की तुम्ही तिथेच उघडे पडता.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबरसाठी अडून बसू नका. भेटीत मात्र हे ऐकवू नका, लगेच संशय येतो. स्वतःच्या खरेदीत जरूर ऐकवा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते.

काही मागण्या रास्त असतात. टेस्ट ड्राइव्हला लायसन्स दाखवावंच लागतं. झेरॉक्स मागितली, तर तिच्यावर "फक्त टेस्ट ड्राइव्हसाठी" लिहून तारीख घाला.

बाहेर पडल्यावर रिक्षात बसल्या बसल्या टिपून ठेवा: नंबर किती वेळा मागितला, कुठल्या शब्दांत, नकारानंतर काय झालं. "उद्धट वाटला" असं लिहू नका. फॉर्म भरून घ्यायचं टार्गेट त्या मुलाच्या डोक्यावर असतं आणि तुमच्या एका शब्दाने त्याच्या पोटावर पाय येऊ शकतो. "तीनदा मागितला, तिसऱ्या नकारानंतर फीचं कार्ड मिटवलं, मशीन दाखवली नाहीत," असं लिहा. मग ते टार्गेट कुणी लावलं, हा प्रश्न कंपनीला वरपर्यंत विचारता येतो.