ब्राँकायटिस आणि अडुळशाची पानं: या चुका टाळा

आमच्या कुंपणाला अडुळशाची दोन झुडपं आहेत. दिवाळी उलटली की गल्लीतलं कुणी ना कुणी पिशवी घेऊन दारात उभं. "काका, डॉक्टर ब्राँकायटिस म्हणाले, चार पानं देता का?" पानं मी देतो. पण काढा पिताना लोक बाकी काय काय करतात ते पंधरा वर्षं बघतोय. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात मोठी चूक काढ्यात नसते, पलंगाखाली असते. दोन हिवाळ्यांपूर्वी माझी मोठी वहिनी महिनाभर खोकत होती. एक्स-रे झाला, थुंकी तपासली, सगळं ठीक. गवती चहा, आलं, तुळस, हळद-दूध सगळं चालू. दिवसा बरी, पहाटे तीनला उबळ ठरलेली. एकदा मुक्कामाला गेलो तेव्हा पाहिलं. गार वारा लागतो म्हणून खिडक्या कडेकोट बंद, पलंगाखाली डासांची कॉइल आणि तिन्हीसांजेला शेगडीवर ओवा-ऊद टाकून धुरी. "भावजी, धुरीनं छाती मोकळी होते हो!"

ब्राँकायटिस म्हणजे श्वासनलिकांचं आतलं अस्तर सुजलेलं. त्यावर रात्रभर धूर. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण मोजले तेव्हा ते 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. घरात कुणी विडी ओढत नाही म्हणून वहिनी निर्धास्त! मी मच्छरदाणी बांधली, धुरी बंद करायला लावली, दुपारी दोन तास खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या. आठवड्यात पहाटेची उबळ ओसरली. महिना झाला होता, तसाही खोकला गेला असता म्हणाल. असेलही. पण काढा तोच होता, बदलला तो फक्त धूर. अगरबत्ती, धूप, बंबाचा धूर हेही त्यातच आलं. आणि जो एका हातात सिगारेट धरून दुसऱ्या हातानं पानं मागतो, त्याला मी आता सरळ नाही म्हणतो.

दुसरी चूक म्हणजे दुप्पट घातलं की निम्म्या दिवसांत बरं होणार हा हिशेब. शेजारचे एक निवृत्त मास्तर दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळायचे, वर तीन वेळा काढा, त्यातही ज्येष्ठमध. आधीच बीपीच्या गोळ्या चालू. आठ-दहा दिवसांत बीपी चढलं आणि पायांवर सूज. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं. बीपीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

अडुळसाही चहा नव्हे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं आणि त्याचंच पुढचं रूप म्हणजे खोकल्याच्या सिरपातलं ॲम्ब्रोक्सॉल. सिरपही घ्यायचं आणि वर काढाही, कशाला? गर्भवतींनी अडुळसा अजिबात घेऊ नये, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. मी स्वतः दोन पानं नि आल्याचा तुकडा दोन कप पाण्यात टाकून एक कप उरेपर्यंत उकळतो, कोमट झाल्यावर चमचाभर मध. दिवसातून एकदा, तीन-चार दिवस, बस. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं अंग लुळं पडण्याचा, धोका असतो.

वाफेचं पातेलं मांडीवर घेऊ नका. मुलांना तर गरम पातेल्याची वाफ नकोच, दरवर्षी कुणीतरी भाजतं. बाळाच्या नाकात तेल सोडू नका, कापूर लावू नका.

दूध-केळं बंद केल्यानं कफ कमी होत नाही.

पहाटे पाचला धुक्यात "मोकळ्या हवेत" फिरायला जाणाऱ्यांना काय सांगायचं? ऊन पडल्यावर जा, हळू चाला, दम लागला तर नाकानं श्वास घेऊन ओठ चंबूसारखे करून सावकाश सोडा.

तिसऱ्या दिवशी "गुण आला नाही" म्हणून मागच्या वेळच्या पाकिटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या गिळणाऱ्यांचा मला खरा राग येतो. अचानक होणारा ब्राँकायटिस बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यावर त्या गोळ्या चालत नाहीत. कफ हिरवा झाला म्हणजे गोळ्या हव्यातच असंही नाही. ताप चार दिवसांत उतरतो, पण खोकल्याला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा धीर नसेल तर झुडपाजवळ येऊच नका.

इतकं करूनही खोकला हटत नसेल तर बीपीची गोळी बघा. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर कोरडा खोकला त्यामुळेही येतो. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. सलग दोन वर्षं, वर्षातले तीन-तीन महिने कफाचा खोकला राहत असेल तर तो जुनाट ब्राँकायटिस, तिथे माझ्या पानांचं काम नाही. धाप, रक्त किंवा उतरतच नसलेला ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त लांबला की क्षय (टीबी) नाही ना हे बघायला थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

गेल्या आठवड्यात एक रिक्षावाला आला होता. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी बारीक ताप, पँट कमरेला सैल झालेली. पिशवी मी रिकामीच परत दिली आणि आरोग्य केंद्रात थुंकीची डबी कुठल्या खिडकीवर मिळते ते सांगितलं. चार पानांसाठी म्हातारा अडून बसला असं वाटलं असणार त्याला, न बोलताच गेला.