दुबईच्या ब्रिटिश शाळेत मुलाला घालताना

आम्ही ठाण्याहून दुबईला आलो तेव्हा मुलगा नुकताच सातवी झाला होता. शाळेने त्याला ‘यिअर नाइन’मध्ये घेतलं, तर आजी फोनवर खूश, पोरानं एक वर्ष वाचवलं म्हणून! वाचवलंबिचवलं काही नाही. त्यांची मोजणी एकाने पुढे असते. आपली आठवी ती त्यांची यिअर नाइन.

जमलं तर यिअर टेनच्या आधी या. टेन आणि इलेव्हन मिळून आयजीसीएसईचा, म्हणजे त्यांच्या दहावीचा, दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम असतो, आणि मधेच आलात तर नव्या शाळेचं बोर्ड वेगळं निघू शकतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुठले कुठले शिक्के लागतील ते तिकीट काढायच्या आधी शाळेकडून लेखी घ्या. ठाण्यात परत जाऊन रांगेत उभं राहायची हौस कुणाला असते?

विषय नाइनमध्येच निवडायचे असतात. ‘डबल अवॉर्ड’ सायन्समध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी एकत्र असतात आणि त्याचे दोन विषय धरतात, ‘ट्रिपल’मध्ये वेगवेगळे तीन. मूल सायन्सला जाणार असं वाटत असेल तर ट्रिपल घ्या. पुढे ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीला, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, आणि आपले आईबाप इथेच अडकतात. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलं की संपलं, मॅथ्सला जागाच नाही. डॉक्टर-इंजिनिअर दोन्ही दारं उघडी ठेवायची तर चौथा विषय, आणि तो झेपतो का हे मुलालाच विचारा. शेजारच्या काकूंना नको.

केम्ब्रिज बोर्डाचं मॅथ्स असेल तर मूल ‘कोअर’ला, म्हणजे सोप्या पातळीला, आहे की ‘एक्स्टेंडेड’ला, म्हणजे वरच्या, हे आधी बघा. कोअरचा पेपर कितीही सुरेख गेला तरी ‘सी’च्या वर ग्रेड मिळत नाही. आमच्याला कोअरमध्ये टाकलं होतं आणि मला ते कळलं दुसऱ्या टर्मला. पेरेंट्स इव्हनिंगला एका शिक्षकामागे पाच मिनिटं मिळाली, त्यातली दोन ‘ही इज अ लव्हली बॉय’मध्येच गेली. तेव्हापासून मी प्रश्न कागदावर लिहून नेते, आणि पहिला प्रश्न हाच.

आता अभ्यास. आपल्याकडे उत्तर लांबलचक लिहिलं की बाई खूश. इथे तीन मार्कांना तीन मुद्दे, चौथ्याला शून्य. ‘डिस्क्राइब’ म्हणजे काय घडतं ते लिहायचं, ‘एक्स्प्लेन’ म्हणजे का घडतं ते. माझ्या मुलाने आलेख वर जातो, मग सपाट होतो, असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. प्रश्न एक्स्प्लेनचा होता. भोपळा! म्हणून जुने पेपर सोडवून घ्या, पण कुठल्या मुद्द्याला किती मार्क ते सांगणारी त्यांची ‘मार्क स्कीम’ समोर ठेवून मुलालाच स्वतःचा पेपर तपासू द्या. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी हाच कार्यक्रम असायचा, लाल पेन आणि कांदाभजी. क्लासच्या पैशांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

काही बोर्डांत ग्रेड 9 ते 1 अशा असतात, त्यात 9 सगळ्यात वरची. हे आजोबांना आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे ‘केमिस्ट्रीत नऊ’ ऐकून फोनवर बराच वेळ शांतता होती.

दहावीनंतर परत जायचा विचार असेल तर मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो. तोवर महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश बरेच पुढे गेलेले असतात. तेव्हा निकालाची वाट न बघता कॉलेजला आधीच गाठा, आणि शाळेकडून अपेक्षित ग्रेडचं पत्र मे महिन्यातच मागून ठेवा. जुलैत शाळेला सुट्टी लागली की ऑफिसात फोन उचलायला कुणी सापडत नाही.