कथेतला चौकशीचा प्रसंग सपक होत होता, असा सुटला

लक्षण: पणजीतल्या ठाण्यात निरीक्षक विचारतो, संशयित पूर्ण वाक्यात उत्तरतो, शेवटी कबुली. शिव्या वाढवल्या, कोंकणी शब्द पेरले, उपयोग शून्य. वैताग नुसता!

चाललं ते असं. आधी प्रत्येक पात्र काय लपवतंय ते समासात लिहिलं. मग थेट उत्तरं खोडली. “बेतीची फेरीबोट कितीची धरली?” “पाऊस होता, साहेब.” मग उत्तराखालचं ‘तो घाबरून म्हणाला’ काढलं.

शेवटी कबुलीच उडवली. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम २३नुसार पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तिच्यातून काही सापडलं, तर तेवढ्याशी संबंधित भागच चालतो. म्हणून निरीक्षक आता “खून केलास?” विचारतच नाही. विचारतो, “कोयता कुठाय?”