किमोच्या गोळ्या घरी चालू असतील तर

आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले आता किमो गोळ्यांचीच, घरी घ्यायची, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं, दर वेळी कुडाळहून गाडी पकडून मुंबईला पळायला नको. पण गोळी असली तरी ती किमोच असते, आणि वॉर्डात नर्स जे जे बघते ते घरी आपल्यालाच बघायचं असतं, हे कळायला आम्हाला एक चूक करावी लागली.

तिला कॅपेसिटाबिन होती, 500 मिलिग्रॅमच्या 3 सकाळी, 3 रात्री, 14 दिवस गोळ्या मग 7 दिवस सुट्टी (डोस वजन-उंचीवर ठरतो, आमचा आकडा उचलू नका). दिवसाला 6 म्हणजे 14 दिवसांच्या 84, पण स्ट्रिप 10 ची, म्हणून 9 स्ट्रिपा आणल्या आणि 6 गोळ्या उरल्या. पंधराव्या दिवशी सकाळी आईने पेज जेवून त्यातल्या 3 घेतल्यासुद्धा, "येवडा म्हाग औषद, फुकट कित्याक घालवूचा?" लगेच फोन लावला, डॉक्टर म्हणाले रात्रीच्या घेऊ नका, या सुट्टीत रक्तातल्या पेशी भरून येतात, सुट्टी हा ट्रीटमेंटचाच भाग आहे. तेव्हापासून पहिल्याच दिवशी 84 मोजून ठेवायच्या, वरच्या 6 वेगळ्या पाकिटात, त्यावर पुढच्या सायकलची (गोळ्या आणि सुट्टी मिळून 21 दिवसांच्या फेरीची) तारीख.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोळीच्या दिवसांना रोज दोन टिका, सुट्टीचे 7 दिवस आडव्या रेघेने खोडलेले. टीक गोळी गिळल्यावरच करा, हातात घेतल्यावर नाही, मधेच कोणी हाक मारली की गोळी तशीच राहते.

ही गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात पाण्याबरोबर घ्यायची, दोन डोसात साधारण 12 तास. आमच्याकडे सकाळी 8 ची पेज आणि रात्री 8 चं जेवण. श्रावणी सोमवारी उपास सोडायला आई तयारच नव्हती, शेवटी डॉक्टरांनाच फोनवर सांगायला लावलं. डोस चुकला तर चुकला, पुढचा वेळेवर घ्या, डबल कधीच नाही. उलटी झाली तरी परत घ्यायची नाही, डॉक्टरांना कळवा.

हातापायांकडे मात्र रोज बघा. तळवे लाल होतात, झिणझिण्या येतात, मग सालं निघतात, फोडसुद्धा येतात. आपल्या बायका खळ्यात अनवाणी फिरणार, दगडावर कपडे आपटणार, चुलीवरच्या कढत पाण्याने आंघोळ करणार, आणि घासणं आणि गरम पाणी या दोन्हीनेच हे वाढतं. आईला मऊ सपाता घेतल्या, कपडे माझ्याकडे, पाणी कोमट, आणि रात्री डॉक्टरांनी दिलेलं क्रीम हलक्या हाताने. दुखायला लागलं, तिला चहाचा कप धरवेना, तेव्हा "पुढच्या खेपेला सांगू" म्हणत होती, मी त्याच दिवशी फोन केला आणि डोस कमी करून मिळाला. दुखणं लपवणारी माणसं घरात असतील तर विचारत बसू नका, सरळ तळवे उलटे करून बघा.

ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर, तोंडात फोड येऊन खाता न येणं, नेहमीपेक्षा 4 किंवा जास्त वेळा जुलाब, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन, रात्र असली तरी. छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटलच गाठा.

रक्त पातळ करायची वॉरफरीन, फिटची फेनिटॉइन, फॉलिक अ‍ॅसिड असलेली व्हिटॅमिनची गोळी, गावठी काढा, सगळं डॉक्टरांना सांगा. आणि शेजारच्या पेशंटचा नियम आपल्याला लावू नका, कॅन्सरच्याच दुसऱ्या गोळ्यांत इमॅटिनिब जेवणाबरोबर मोठा ग्लास पाण्याने घेतात तर निलोटिनिब आणि अ‍ॅबिराटेरोन उपाशीपोटी. इमॅटिनिब, निलोटिनिबवर ग्रेपफ्रूट चालत नाही, आणि गणपतीत माटवीला (गणपतीच्या वर टांगतो त्या चौकटीला) बांधतो ते पपनस त्याच जातीतलं, तेव्हा विचारल्याशिवाय खाऊ नका.

गोळी कुटायची-तोडायची नाही. दुसऱ्याने देताना ग्लोव्हज घालायचे नाहीतर स्ट्रिपमधून थेट वाटीत पाडायची, घरात गरोदर बाई असेल तर तिने हातच लावू नये. पावसात आपल्याकडे सगळ्याला ओल धरते, म्हणून स्ट्रिपमध्येच ठेवा, झाकणाच्या कोरड्या डब्यात, न्हाणीपासून आणि मुलांपासून लांब. ट्रीटमेंट संपून उरल्या तर परसात नको, वहाळात नको, चुलीतही नको, पुढच्या तपासणीला जाताना कालनिर्णयच्या पानांबरोबर पिशवीत टाका आणि हॉस्पिटलात परत द्या.